पाच वाजताची भूक दुपारच्या ताटात

वजन उतरवायचं ठरलं की पहिल्याच दिवशी दुपारच्या जेवणाला कात्री लागते. भात बंद, तीन पोळ्यांची एक, सोबत काकडी-टोमॅटो. तीनपर्यंत हलकं वाटतं. चारला चिडचिड, पाचला चहा, आणि चहाबरोबर हात फरसाणाच्या डब्यात. रात्री मग "माझा तोंडावर ताबाच नाही" म्हणून हळहळ. एवढं मनाला लावून घेऊ नका. घोळ दुपारी एक वाजताच झालेला असतो.

आपल्या घरचं वरण बघा. चार माणसांना अर्धी वाटी तूरडाळ, म्हणजे साधारण 60 ग्रॅम. माणशी 15 ग्रॅम डाळ, आणि त्यातून जेमतेम 3 ग्रॅम प्रथिनं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या 2000 कॅलरींच्या नमुना ताटात डाळी-कडधान्यं (किंवा त्यांच्या जागी अंडी, मासे, मांस) दिवसाला 85 ग्रॅम आहेत आणि भाज्या 400 ग्रॅम. या आकड्यांपुढे आपलं पातळ वरण म्हणजे पिवळं पाणीच. पोटात टिकून राहणारं असं त्यात फार थोडं.

म्हणून पहिले दोन आठवडे काही कमी करू नका, ताट भरा. दोन पोळ्या किंवा एक भाकरी, घट्ट वरण किंवा उसळ मोठी वाटीभर, भाजी पोळीपेक्षा जास्त, वर एक वाटी दही. डाळ माणशी 30 ग्रॅम घ्या. मटकी असेल तर कोरडी 35 ते 40 ग्रॅम, मोड आल्यावर ती वाटीत मावत नाही. वेळ नसेल त्या दिवशी पिठलं: माणशी चार सपाट मोठे चमचे बेसन, म्हणजे 30 ग्रॅमच्या आसपास. तेल मात्र चमच्याने मोजा, बुधलीतून थेट कढईत ओतू नका. एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी, आणि अंदाजाने ओतलेलं हमखास दोन चमचे निघतं.

आता मधलं खाणं. ते बंद करू नका, त्याची वेळ बांधा. साडेचार, म्हणजे भूक कडकडून लागायच्या आधी, आणि चहाच्या अगोदर. 30 ग्रॅम फुटाणे सालासकट खाल्ले तर 110 कॅलरींच्या आसपास आणि 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात. पेरू चालेल, उकडलेलं अंडं चालेल, सकाळची उरलेली उसळ तर उत्तमच. नुसते चुरमुरे हलके म्हणून लोक खातात, पण तासाभरात पोट पुन्हा रिकामं वाटतं. त्यात मूठभर फुटाणे, चमचाभर दाणे, कांदा, टोमॅटो, लिंबू घाला आणि शेव वगळा. शेंगदाणे चांगलेच, पण 30 ग्रॅमला 170 कॅलरी. ओट्याशी उभं राहून डब्यातून तीन मुठी गेल्या की एका जेवणाइतकं पोटात जातं आणि जेवल्याचं समाधान काही मिळत नाही.

ओट्याशी उभं राहून खाणं हीच सगळ्यात मोठी गळती. खारं, कुरकुरीत, तेलकट खाणं डब्यातून खाताना थांबायची जागाच सापडत नाही. वाटीत काढा, डब्याचं झाकण लावा, डबा वरच्या फळीवर ठेवा, मग बसून खा. वाटीचा तळ दिसला की खाणं संपलं. पहिल्यांदा ती वाटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा, आपल्याला थोडं वाटणारं किती असतं ते कळेल. मुलांच्या ताटातलं उरलेलं, तळणातलं चवीपुरतं एक भजं, हेही त्याच हिशोबात धरायचं.

चहाचं वेगळं. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे 40 ग्रॅम साखर, 160 कॅलरी. एकदम बिनसाखरेचा केलात तर आठवड्यात नेम मोडेल. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जिभेला कळतही नाही. बिस्किटं चहाबरोबर बशीत आणूच नका.

उपवासाच्या दिवशी ही सगळी घडी मोडते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडी दोनदा खाऊनही संध्याकाळी भूक तशीच. त्यापेक्षा भगर, दाण्याची आमटी आणि दही घ्या.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीत दिवसातून दोनदाच जेवायचं असतं आणि मधलं खाणं नाही. काहींना ते छान जमतं. पण इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कुठलंही खाणं वगळू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते.

राहिली ती घरी पोचल्यापासून पानं वाढेपर्यंतची वेळ. सात ते नऊ. कुकर होईपर्यंत चिवडा, पोळ्या होईपर्यंत अजून थोडा. इथे जेवणच आधी ओढा. डाळ सकाळी धुऊन भिजवून फ्रिजमध्ये ठेवली तर संध्याकाळी कुकर लवकर उतरतो. तोवर कोशिंबीर चिरून होते, ती लगेच खायला घ्या, जेवणापर्यंत थांबवून ठेवू नका. मटकी शनिवारी रात्री भिजत घाला, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा. सोमवारी मोड आलेले असतात, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस सहज राहतात.