सांदण दरी: उतरण्याआधी परतीची वाट ठरवा

सांदणला, म्हणजे भंडारदऱ्याजवळच्या अरुंद कातळघळीत, जायचं ठरलं की बहुतेकजण आधी तंबू आणि जेवणाची चौकशी करतात. मी पहिला प्रश्न वेगळा विचारतो: पहिला कडा उतरल्यावर परत कुठून येणार? पंचेचाळीस फूट खाली उतरून दोर ओढून घेतला की आल्या वाटेनं वर जाणं संपलं. मग करोली घाटाच्या पायवाटेनं चढून वरच्या साम्रद गावात यायचं, नाहीतर कोकणात डेहणे गावाला उतरायचं. गाडी, पाणी, दोर, निघायची वेळ, सगळं या एका निर्णयावर ठरतं.

साम्रद हे अकोले तालुक्यातलं (अहिल्यानगर जिल्हा) छोटं गाव. भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर, घाटघर आणि रतनवाडीच्या मधे. मुंबईकरांसाठी कसारा लोकल आणि तिथून आधी ठरवलेली जीप ही सोपी जोडणी: कसारा घाट, इगतपुरी, घोटी, बारी, शेंडी, साम्रद. पुण्याहून नाशिक महामार्गानं आळेफाटा, पुढे ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर करत शेंडी. पेट्रोल आणि रोख रक्कम घोटी किंवा राजूरलाच घ्यावी. शेंडीच्या पुढे मोबाइलची रेंज येते-जाते, त्यामुळे तिथे पोचून ऑनलाइन पैसे देऊ असं गृहीत धरू नका. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्काची पावती मिळते, ती जपून ठेवा.

मी आदल्या रात्रीच साम्रद गाठतो. गावात घरगुती जेवण मिळतं. नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा असेल तर दुसरं काही मागू नये. माणसं किती ते मात्र आधी कळवावं. रात्री अकराला वीस जणांचा स्वयंपाक कुणाच्याही चुलीवर होत नाही.

महिना निवडताना पाण्याचा विचार करा. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. पठारावर पडणारं पाणी ज्या फटींमधून कोकणात कोसळतं, त्यातलीच एक म्हणजे सांदण. पावसाळ्यात तिथे माणसाला जागा नाही, हा विषय इथेच संपला. नोव्हेंबर-डिसेंबरात दरीच्या मुखाजवळचे पाण्याचे दोन टप्पे चांगले भरलेले असतात. पहिला त्यातल्या त्यात उथळ, दुसरा खोल, बुटक्या माणसाच्या छातीपर्यंत येऊ शकतो. उन्हाळ्याकडे पाणी उतरत जातं. जानेवारी-फेब्रुवारी मला सगळ्यात सोयीचे वाटतात. मात्र घळीत ऊन मध्यान्हीच्या सुमारासच उतरतं, त्यामुळे सकाळी आठला ते पाणी हाडं गोठवतं. एप्रिल-मेमध्ये टप्पे सोपे असतात, पण दुपारनंतर वळिवाचा भरवसा नाही. रतनगडाच्या बाजूला ढग दाटले तर दरीत शिरू नका. पाऊस तुमच्या डोक्यावरच पडायला हवा असं नाही, पठारावर पडला तरी पाणी घळीतूनच येणार.

गावातून मुखापर्यंत पंधरा-वीस मिनिटं. आत शिरलं की दोन्ही बाजूंचे कातळ दोन-तीनशे फूट उंच होत जातात आणि काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. ‘आशियातली दुसऱ्या क्रमांकाची दरी’ असं प्रत्येक जाहिरातीत असतं. कोणी मोजली ते मात्र कुणी सांगत नाही. मोजमाप नसतानाही जागा भारी आहे, तेवढं पुरे.

आतली चाल म्हणजे धोंड्यांवरून धोंड्यांवर. पाण्यानं गुळगुळीत झालेला बेसॉल्ट, त्यावर ओले बूट. इथे मुरगळणारे घोटे रॅपलिंगमधल्या (दोरानं कडा उतरतानाच्या) अपघातांपेक्षा जास्त. झिजलेल्या तळव्यांचे बूट घरीच ठेवा आणि पाण्यातून जाताना बूट काढू नका, तळाशी धारदार दगड असतात. सॅकमधलं सगळं सामान जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, नुसतं रेनकव्हर पाण्यात बुडाल्यावर कामाचं नाही. अंगावर सुती जीन्स नको, ती दिवसभर वाळत नाही. कड्यावर माकडं फिरली की वरून दगड सुटतात, म्हणून हेल्मेट मुखापासूनच डोक्यावर हवं. घळीत आरडाओरडा आणि धूर दोन्ही नको. कपारीत आग्या मोहोळ असलं तर पळायला जागा नसते.

आता दोराचा हिशेब. पंचेचाळीस फूट म्हणजे जवळपास १४ मीटर. शेवटच्या माणसानंतर दोर खाली ओढून घ्यायचा तर तो दुहेरी लावावा लागतो, म्हणजे २८ मीटर. त्यात अँकरला (दोर बांधायच्या पक्क्या आधाराला) आणि खाली मोकळा राहायला लागणारी लांबी धरा. ३० मीटरचा दोर आणून कसंबसं भागवणाऱ्यांपेक्षा ५० मीटरचा आणणारे शहाणे. दोर स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा, १० ते ११ मिलिमीटरचा. उतरणाऱ्याला वेगळ्या दोरानं बिले, म्हणजे दुसऱ्यानं धरलेला सुरक्षेचा आधार, हवाच. नवख्याचा हात सुटतो तो बहुधा कड्याच्या काठावर, पाय भिंतीला टेकवून मागे झुकताना. उतरताना दोर ओवायला फिगर ऑफ एट (आठच्या आकाराची धातूची कडी) वापरत असाल तर दोराला पीळ पडतो. मोकळे केस, ओढणी, गळ्यातला कॅमेरा त्यात अडकला की माणूस मध्येच लटकतो, म्हणून हे सगळं वरच बांधून घ्या. कातळात आधीच ठोकलेल्या बोल्टवर डोळे झाकून विश्वास नको. दोन वेगळ्या अँकरवर भार वाटून घ्यावा.

आणि वेळ. बांधणं, तपासणं, उतरणं, सोडवणं धरून माणशी सहा मिनिटं. वीस जण एका दोरावर म्हणजे दोन तास, तेही कुणी घाबरून अडलं नाही तर. खाली दोरानं उतरायचे आणखी लहान टप्पे आहेत, त्यांचा वेळ वेगळा. म्हणून सकाळी साडेसातला मुखाशी असणं ही चैन नाही. चाळीस जणांचा जथा एका दोरावर नेणारे दिवस मावळताना अर्धे वर, अर्धे खाली असतात, आणि घळीत अंधार बाहेरच्या आधी होतो. पंधरापेक्षा जास्त माणसं असतील तर दोन दोर लावा, नाहीतर तुकडी लहान करा. ज्यांना रॅपलिंग करायचं नाही त्यांनी कड्याच्या काठापर्यंत जाऊन त्याच वाटेनं परतावं. त्यात कमीपणा काही नाही, निम्मं सौंदर्य तिथपर्यंतच आहे.

माणशी तीन लिटर पाणी, मार्चनंतर चार. डबक्यातलं साचलेलं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.

परतीला करोली घाट निवडलात तर दरीतळाशी मुक्काम करून सकाळी चढा. दिवसभर उतरून आलेल्या गुडघ्यांना संध्याकाळी हा चढ झेपत नाही. वाटेवर फाटे आहेत, साम्रदचा वाटाड्या सोबत असू द्या. डेहण्याला उतरणार असाल तर वाट आजोबा डोंगराच्या पायथ्याकडे जाते आणि पुढे डोळखांब, शहापूरमार्गे आसनगाव स्टेशन गाठता येतं. घोळ होतो तो गाडीचा. साम्रदला सोडलेली गाडी पुन्हा घोटी, कसारा घाट, शहापूर असा मोठा वळसा घालून डेहण्याला येते, चार-पाच तास सहज जातात. दरीतून फोन लागणार नाही, तेव्हा चालकाला गाव आणि वेळ आदल्या रात्रीच कागदावर लिहून द्या, आणि बदलायचे कोरडे कपडे त्याच गाडीत ठेवा.