फुकट ते पौष्टिक?

इथे इंग्लंडमध्ये, ब्रॅडफर्डला लेकीच्या नर्सरीत रोज सगळी पोरं एकत्र दात घासतात. मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट, दोन मिनिटं, मग नुसतं थुंकायचं. चूळ भरायची नाही, फ्लोराइड धुऊन जातं. लेकीने व्हिडिओ कॉलवर ठाण्याच्या आजीला करून दाखवलं. "शी! चूळ न भरता?" आई अजून सावरलेली नाही.

ब्रश फुकट आहेत. इंग्लंडच्या सरकारने मार्च 2025 मध्ये गरीब वस्त्यांतल्या 3 ते 5 वर्षांच्या मुलांसाठी ही योजना जाहीर केली. पहिल्या वर्षाचे 1 कोटी 10 लाख पाउंड सरकारचे आणि पाच वर्षांत 2 कोटी 30 लाखांहून जास्त ब्रश-पेस्ट कोलगेट-पामोलिव्हकडून. इथे 5 ते 9 वयाची मुलं सर्वांत जास्त इस्पितळात जातात ती किडके दात काढायला, तेव्हा नाक मुरडायला जागा नाही.

तरी मला आमची नौपाड्यातली शाळा आठवली. एका कंपनीच्या बाई प्लास्टिकचा भलामोठा जबडा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची लड सोडली, अगदी जाहिरातीतल्यासारखी. मटाराएवढी पुरते, हे पेस्ट विकणारा कशाला सांगेल?

पण पेस्टवाले परवडले. वहिनी वागळे इस्टेटजवळ शाळेत शिकवते. तिच्याकडे एक कोल्ड्रिंकवाले आले: दंततपासणी शिबिराचा सगळा खर्च आमचा, फक्त मागे बॅनर आणि निघताना पोरांना एकेक बाटली. मी हसले. ती नाही. "तुझ्याकडे सरकार ब्रश देतं गं. माझ्या वर्गातली काही पोरं अजून मशेरीने दात घासतात."

मी गप्प.

2003 मध्ये अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेने कोका-कोलाच्या फाउंडेशनकडून 10 लाख डॉलर घेतले, तेव्हा बरीच टीका झाली होती. ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्या साखरेबद्दल बोलणार कसं? ब्रिटनने 2018 मध्ये वेगळी वाट धरली. 100 मिलिलिटर कोल्ड्रिंकमध्ये 8 ग्रॅम किंवा जास्त साखर असेल, तर तेव्हा लिटरमागे 24 पेन्स कर लावला. तो चुकवायला बऱ्याच कंपन्यांनी साखरच कमी केली. पैसा कंपन्यांकडूनच येतो, पण त्याला बॅनर लागत नाही, की हारतुरे.

वहिनीने कोल्ड्रिंकवाल्यांना कळवलंय, ब्रश आणि डॉक्टर चालतील. बॅनर नको, बाटल्या तर नाहीच. दोन आठवडे झाले, त्यांचा फोन नाही.