रायले आणि क्राबीचा चुनखडी किनारा: भरतीच्या तक्त्यावर बेतलेली सहल

थायलंडच्या अंदमान किनाऱ्यावर क्राबीजवळ रायले नावाचं एक टोक समुद्रात घुसलं आहे. ते मुख्य भूमीचाच भाग आहे, पण मागच्या बाजूला चुनखडीचे सरळसोट कडे उभे असल्यामुळे तिथे रस्ता पोचत नाही, होडीनेच जावं लागतं. पर्मियन काळातली, म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुनी ही चुनखडी पावसाने आणि समुद्राने कोरून काढली आहे. तिच्यात कडे, झुंबरांसारखे लोंबणारे चुनखांब, पाण्याच्या पातळीला कातलेल्या खोबणी आणि आत शिरता येईल अशा गुहा तयार झाल्या आहेत. प्रस्तरारोहण, पाण्यावरची दोराविना चढाई, कयाक, गुहा हे सगळं दहा-वीस किलोमीटरच्या टापूत मिळतं. हॉटेलं आणि खाणं यांवर माहितीचा पूर आहे, तेव्हा इथे फक्त कामाचं लिहितो.

सगळ्यात आधी भरतीचा तक्ता डाउनलोड करा. हॉटेलचं बुकिंग त्यानंतर. उधाणाला इथे पाणी अडीच-तीन मीटर वर-खाली होतं, भांगाला मीटरभराच्या आसपास. त्यामुळे एकच जागा सकाळी पोहण्याची आणि दुपारी चिखलाची असते. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको: अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भिंतीवरच्या कालनिर्णयावरून कोणत्या आठवड्यात काय करायचं ते घरबसल्या ठरवता येतं. मात्र तिथीच्या पाऊणपटीवरून भरतीची वेळ काढायचा आपला हिशेब मुंबई-कोकणापुरताच आहे. तो इथे लावू नका. वेळेसाठी क्राबीचाच तक्ता पाहा, आणि घड्याळ भारताच्या दीड तास पुढे करायला विसरू नका. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

पाणी सहा तास एका चालीने चढत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा भाग चढतो, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. तीन मीटरच्या उधाणात मधल्या दोन तासांत दीड मीटर पाणी वाढतं. गुहेत किंवा खडकाच्या आडोशाला बसलेली माणसं अडकतात ती याच दोन तासांत, कारण पहिला तासभर फारसं काही बदललेलं दिसत नाही.

नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ. त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा, मार्च-एप्रिलमध्ये दमटपणाने हात घसरतात. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वारे, उंच लाटा, ओले कडे. मुंबईहून फुकेत किंवा बँकॉकमार्गे क्राबी गाठावं. फुकेतहून रस्त्याने अडीच-तीन तास लागतात. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं बनावट असतात. व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढतानाच दूतावासाच्या पानावर बघून घ्या.

क्राबीजवळच्या आओ नांग या किनारी गावाहून लांबशेपटी होडी (मागे लांब दांड्याचं इंजिन असलेली) पश्चिम रायलेला पंधरा मिनिटांत सोडते. दिवसा माणशी शंभर बाटच्या आसपास पडतात, आणि ठरावीक माणसं जमेपर्यंत होडी सुटत नाही. अंधार पडला की भाव चढतो. पश्चिमेला धक्का नाही, गुडघा ते मांडीभर पाण्यात उतरावं लागतं. चाकाची बॅग नेलीत तर ती डोक्यावर घ्यावी लागेल, पाठपिशवीच बरी. पूर्व रायले तिवरांचं आणि चिखलाचं आहे. ओहोटीला तिथला किनारा पोहण्याच्या कामाचा नाही, पण राहायला स्वस्त. उत्तरेला तोनसाय. ओहोटीत खडकांवरून दहा मिनिटांत पश्चिम रायलेहून तिथे जाता येतं, भरतीत रानातल्या वाटेने वीस-तीस मिनिटं चढ-उतार. रात्री ही वाट बॅटरीशिवाय करू नये.

आता चढाई. नवख्यांसाठी पूर्व रायलेच्या दक्षिण टोकाला वन-टू-थ्री आणि मुए थाई या भिंती आहेत, फ्रेंच मापाने (आकडा आणि अक्षर जितकं पुढचं तितकी चढाई कठीण) ५ ते ६-बी पर्यंतचे बरेच मार्ग. तोंड पूर्वेला, म्हणून सकाळी ऊन आणि दुपारी सावली. तोनसाय आणि दक्षिणेकडच्या फ्रा नांग किनाऱ्यावरच्या पश्चिमेला तोंड असलेल्या भिंतींचं उलट, तिथे सकाळी लवकर जावं. वन-टू-थ्रीवर नऊ वाजल्यापासून प्रशिक्षण संस्थांचे गट येतात आणि सगळ्या सोप्या मार्गांवर दोर लागतात. दुपारी तीननंतर गर्दी ओसरते. सोपे मार्ग वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झाले आहेत, त्यामुळे त्यांचा दर्जा कागदावरच्यापेक्षा अर्ध्या पायरीने कठीण धरा.

सह्याद्रीत चढणाऱ्यांनी पहिल्या दिवशी एक दर्जा खालीच सुरुवात करावी. आपल्या बेसाल्टवर आडव्या पट्ट्या, घसारा, गवत आणि पायांवरचा तोल यांची सवय असते. इथे कडा बाहेर झुकलेला, पकडी मोठ्या पण उलट्या-तिरक्या आणि चुनखांब मिठीत धरून चढायचे. पाय पक्के असले तरी हात वीस मिनिटांत भरून येतात. उपाय एकच: चुनखांबांच्या मधे शिरून पाठ किंवा गुडघा अडकवून विश्रांती घ्यायला शिका. लांब विजार घाला, नाहीतर गुडघे सोलतात.

दोर ६० मीटरचा किमान, ७० चा असेल तर उत्तम. क्विकड्रॉ (बोल्टला दोर अडकवायच्या कड्यांच्या जोड्या) चौदा-सोळा, दोन लांब स्लिंग (पट्ट्यांचे फास), प्रत्येकाचा सेल्फ-अँकर (स्वतःला कड्याला अडकवायची पट्टी), हेल्मेट. दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारल्याशिवाय कोणालाही खाली सोडू नका. इथले काही मार्ग ३० मीटरपेक्षा लांब आहेत आणि ६० मीटरचा दोर बिलेयरच्या (खाली दोर सांभाळणाऱ्याच्या) हातातून निसटतो तो इथेच. साहित्य नसेल तर संस्थांकडून भाड्याने मिळतं. शिकाऊ माणसाला अर्ध्या दिवसाचा वर्ग साधारण हजार-बाराशे बाटला पडतो.

दोर अडकवायला खडकात कायमचे बसवलेले बोल्ट, त्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण जीव त्यावर टांगलेला असतो. उष्ण समुद्रकाठच्या चुनखडीत साधं स्टेनलेस स्टील काही वर्षांतच आतून तडकतं. क्लोराइडयुक्त दमट हवा आणि धातूवरचा ताण एकत्र आले की सूक्ष्म भेगा पडतात. वरून बोल्ट चकचकीत दिसतो आणि नुसत्या शरीराच्या वजनानेही तुटू शकतो. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघानेही याबद्दल इशारे दिले आहेत. म्हणून इथले मार्ग स्वयंसेवकांनी वर्गणीच्या पैशांतून टायटॅनियमच्या बोल्टने पुन्हा बांधत आणले आहेत. ओळख सोपी: टायटॅनियमचा बोल्ट मळकट राखाडी, एकाच कांबीचं वळवलेलं कडं, खडकात डिंकाने पक्का बसवलेला. त्याला नट नसतो. नट आणि वेगळी पट्टी दिसली तर तो बोल्ट जुना समजा आणि तो मार्ग सोडा. चुनखांबाच्या भोकातून ओवलेल्या दोऱ्या उन्हाने पांढऱ्या, कडक झाल्या असतील तर त्यांवर भिस्त नको. प्रत्येक ठिकाणी जाण्याआधी स्थानिक संस्थेच्या फळ्यावर कोणता मार्ग कधी बदलला ते बघावं. एखाद्या दुकानदाराने ‘सगळं ठीक आहे’ म्हटलं एवढ्यावर दोर बांधू नये. तोनसायला ह्युमॅनॅलिटी हा पाचेक टप्प्यांचा, ६-बीच्या आसपासचा मार्ग प्रसिद्ध आहे. तो करायचा तर पहाटे लागा. वर गर्दीत अँकरवर (टप्प्याच्या शेवटी अडकून थांबायच्या जागी) ताटकळत बसणं हीच त्यातली मोठी अडचण असते.

पाण्यावरची दोराविना चढाई पोडा बेटाच्या आणि आओ नांगच्या बाजूच्या सुळक्यांवर करतात. होडी भाड्याने, संस्थेचा माणूस सोबत. इथे भरती हाच दोर. उच्च भरतीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंतच चढावं, आणि आधी एकाने पाण्यातला चष्मा लावून बुडी मारून तळ पाहून घ्यावा. पाणी चार मीटरहून कमी किंवा मधेच खडक उभा असेल तर ती जागा बाद. पहिल्या दिवशी पाच-सहा मीटरच्या वर जाऊ नका. त्या उंचीवरूनही वाकडं पडलं तर बरगडी दुखावते. पडताना शरीर सरळ, पाय आधी, दोन्ही हात अंगाला चिकटवलेले, तोंड मिटलेलं. मागे झुकून पडणं सगळ्यात वाईट. चढताना लाइफ जॅकेट घालू नये, पडल्यावर ते हनुवटीवर आदळतं. ज्यांना पोहणं नीट येत नाही त्यांनी होडीतच बसावं, इथे हौस चालत नाही. होडी चढणाऱ्याच्या खाली येणार नाही हे नावाड्याशी आधीच खुणेने ठरवा. चपला, कोरडा टॉवेल, हाताला लावायच्या खडूच्या भुकटीची दुसरी पिशवी हे सगळं ड्राय बॅगमध्ये (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) ठेवा. ओल्या हाताने एकदा खडू भिजला की दिवसभर चिकटा. खडकाच्या पाणरेषेला कालवं असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात, म्हणून बाहेर येताना शिडीच वापरा.

पूर्व रायलेहून फ्रा नांगकडे जाणाऱ्या वाटेवर डावीकडे-उजवीकडे बघत राहिलं की लाल मातीच्या चढावर दोर दिसतात. वर फाटा आहे: एक वाट दर्शनबिंदूला, दुसरी खाली सरोवराकडे. सरोवराकडे शेवटी तीन उभे उतार आहेत, त्यांवर दोर बांधलेले असतात. ते कुणी कधी बांधले हे कळत नाही. आधी ओढून बघा, दोरावर पूर्ण भार टाकू नका, खडकातल्या पकडीही धरा. पाठीवर घट्ट पिशवी, दोन्ही हात मोकळे, तळाला खाचा असलेले बूट. फ्लिप-फ्लॉपवाले वाटेत नेहमी अडतात. पाऊस होऊन दोन-तीन तास झाले नसतील तर जाऊच नये, लाल चिखलावर काहीच थांबत नाही. सरोवराचं पाणी समुद्राशी जोडलेलं असल्याने ओहोटीला तिथे चिखलच दिसतो. जाऊन-येऊन दीड-दोन तास धरा आणि भरतीच्या सुमारास पोचा.

कयाकसाठी क्राबीच्या वायव्येचं आओ थालेन निवडावं. कड्यांच्या मधल्या अरुंद फटीतून तिवरांत शिरता येतं. चढत्या पाण्यासोबत आत जा आणि पाणी उतरायला लागताच बाहेर या. उशीर झाला तर नाव चिखलात बसते, आणि त्या चिखलात पाय टाकला तर बाहेर निघणं कठीण. माणशी दोन लिटर पाणी, लांब बाह्यांचा सदरा, वल्ह्याला दोरी. दुपारी वारा उठतो, म्हणून उघड्या पाण्याचा भाग सकाळी आटपावा. माकडं कयाकवर उडी मारतात, खाणं दिसू देऊ नका. चावलं किंवा ओरखडलं तर लगेच साबणाने पंधरा मिनिटं धुवून रेबीजची लस सुरू करावी, हे टाळण्यासारखं नाही.

शेजारच्या फांगन्गा उपसागराच्या बाजूला को हाँग, को पानाक अशा बेटांत गुहेतून आत शिरल्यावर छप्पर कोसळलेल्या मोकळ्या जागा लागतात. तिथे वाटाड्याशिवाय जाऊ नये. गुहेच्या छताला कालवांची रेघ कुठवर आहे ते पाहा. पूर्ण भरतीत पाणी तिथवर येतं, म्हणजे तुमचं डोकं त्याच्या खाली असेल तर तुमची मुदत ठरलेली आहे. हात नावेच्या आत, डोक्यावर बॅटरी, झोपून जायचं म्हटलं की झोपूनच जायचं.

पेटीच्या आकाराच्या जेलिफिशचा डंख झाला तर चोळू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका. व्हिनेगर किमान तीस सेकंद ओता आणि मदत मागवा. किनाऱ्यावर व्हिनेगर ठेवलेले खुणेचे खांब असतात, पोचताच ते कुठे आहेत ते पाहून ठेवा. वैद्यकीय आपत्कालीन क्रमांक १६६९, पर्यटक पोलिस ११५५. रायलेला छोटं क्लिनिक आहे, मोठं रुग्णालय क्राबी शहरात, म्हणजे होडी आणि मग गाडी. प्रवास विम्यात ‘दोराने चढाई’ वगळलेली नाही ना, हे पॉलिसीचं बारीक अक्षर वाचून बघा. बहुतेक स्वस्त पॉलिसींत ती वगळलेली असते. शाकाहाऱ्यांनी ‘किन जे’ म्हणावं, पण माशाच्या सॉसबद्दल वेगळं विचारावं. एटीएमचं शुल्क परदेशी कार्डाला दर वेळी दोनशेहून जास्त बाट पडतं, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा.

परतताना दोर, हार्नेस (कमरेचा पट्टा), कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) गोड्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून सावलीत वाळवा आणि कॅराबिनरची गेटं तेलाचा एक थेंब टाकून उघड-झाप करा. मिठाचा कण राहिला तर ॲल्युमिनियमवर महिन्याभरात पांढरी बुरशीसारखी पूड धरते, आणि गेट अडकलेलं पुढच्या पावसाळ्यानंतरच्या पहिल्या चढाईला लक्षात येतं.