वादी रम : लाल खडकातलं पाणी

जॉर्डनला जाणारे लोक पेट्रा, मृत समुद्र करतात आणि वादी रमच्या वाळवंटी खोऱ्याला जेमतेम एक रात्र देतात. आम्ही तिथला मुक्काम वाढवला तो काकांमुळे. मोहोळ तालुक्यात विहिरी पाडण्यात त्यांची हयात गेली. खडक दिसला की ते आधी त्यात पाणी शोधतात.

अकाबा या बंदराच्या शहरातून गाडीने तासाभरात पोचलो. सपाट लाल वाळूतून सरळसोट कडे उठलेले. त्यातला जेबेल रम १,७३४ मीटर उंच. आपल्याकडचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, हा वालुकाश्म ५० कोटी वर्षांच्या घरातला. बुर्दाची नैसर्गिक दगडी कमान पाहिली, खझालीच्या अरुंद घळीत कोरलेली चित्रं पाहिली. मी रेंगाळलो मात्र एका बिननावाच्या कड्याच्या पायथ्याशी. तिथल्या खडकाला भोकांची जाळी पडली आहे. काहींत बोट जातं, काहींत अख्खं डोकं. कडेवरून अंगठा फिरवला की लाल कण सुटतात. दगडात मुरलेला ओलावा मीठ घेऊन पृष्ठभागावर येतो, उन्हात वाळतो, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडक कणाकणाने सुटत जातो. वर्षाला १०० मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या मुलखात हे चाललंय!

“मग बाकीचं पाणी जातंय कुठं, विचार की त्याला,” चालकाकडे बघत काका म्हणाले.

आमच्या बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरब जमातीतल्या, चालकाने सकाळी आम्हाला थेट ऐन शलालेला नेलं. रम गावाजवळचा हा झरा, चढ पायीच चढायचा. वालुकाश्मातून झिरपलेलं पाणी खालच्या ग्रॅनाइटवर अडतं आणि दोन खडकांच्या सांध्यातून बाहेर पडतं. पेट्रा उभारणाऱ्या नबाती लोकांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दगडात पन्हळ कोरून ते खाली नेलं होतं. काकांनी सांध्यावर तळहात दाबून धरला, मग ओलं बोट जिभेला लावलं. “गोडं हाय.” त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

रात्री झर्ब होतं. वाळूतल्या खड्ड्यात निखारे, त्यावर मांस आणि भाज्या, वरून पुन्हा वाळू. हुरड्याच्या आगटीभोवती वाढलेल्या आम्हाला ते अगदी घरचं वाटलं. शेंगाचटणीचा डबा आम्ही पुढे केला. चालकाने दोनदा घेतली.

जेवताना दिसीचा विषय निघाला. जवळच्या या भागात वालुकाश्माच्या पोटात हजारो वर्षांपूर्वीच्या ओल्या काळातलं पाणी आहे. २०१३ पासून ते सव्वातीनशे किलोमीटर नळातून राजधानी अम्मानकडे जातं, वर्षाला सुमारे १० कोटी घनमीटर. सोलापुरात उजनीच्या पाण्याची दिवस मोजून वाट बघणाऱ्या मला ते ऐकून पोटात गोळा आला. भीमेला पूर आला की उजनी भरते तरी. दिसीचं पाणी उपसलं की गेलंच. काका प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटले : बोअर किती खोल, पाणी कितीवर लागलं, आता कितीवर गेलंय. चालकालाही बोलायचंच होतं. दोघांचं एकमेकांना पोचवताना माझं जेवण थंड झालं.