एएमएच ०.६ आलंय, आता काय?

लॅबमध्ये काम करणाऱ्याने एक पथ्य पाळायचं असतं, रिपोर्ट हातात द्यायचा आणि "डॉक्टरांना दाखवा" एवढंच म्हणायचं. ते बरोबरच आहे. पण एएमएचचा (बीजकोशात बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट, ०.६ म्हणजे त्यात कमी) रिपोर्ट घेऊन काउंटरला टेकून तिथेच मोबाईलवर शोधाशोध करणाऱ्या बायका बघितल्या की गप्प बसणं जड जातं, म्हणून इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही, सँपल मशीनला लावणारी बाई आहे, पण या टेस्टबद्दल बरंच वाचलंय आणि आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना प्रश्न विचारून विचारून वैताग आणलाय.

पूर्ण नाव ॲंटी-म्युलेरियन हॉर्मोन. गंमत म्हणजे याचा पत्ता पहिल्यांदा लागला तो नर गर्भात. १९४७ मध्ये आल्फ्रेद जोस्त नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशांच्या गर्भांवर प्रयोग करून दाखवलं की नराच्या वृषणांतून काहीतरी असं सुटतं ज्याने गर्भाशय बनायच्या नळ्याच विरून जातात. बायकांच्या बीजकोशाची टेस्ट म्हणून ते वापरायला लागले ते फार नंतर, २००० सालानंतर.

आता मुद्दा. मुलगी आईच्या पोटात पाचेक महिन्यांची असते तेव्हा तिच्याकडे ६०-७० लाख बीजं असतात, जन्मते तेव्हा १०-२० लाख, पाळी सुरू होते तेव्हा ३-४ लाख. त्यातली उभ्या आयुष्यात बाहेर पडतात ४००-५००, बाकीची आतल्या आत जिरतात, गोळ्या खा नाहीतर बाळंतपणं होऊ द्या, ही गळती काही थांबत नाही. जी बीजं अजून झोपलेली आहेत ती मोजायची सोयच नाही. जी जागी होऊन वाढायला लागलीत त्यांच्या छोट्या फॉलिकल्समधल्या (बीज ज्यात वाढतं त्या पिशव्या) पेशी एएमएच सोडतात, आणि आपण ते रक्तात मोजतो. डेपोच्या आत किती एसट्या उभ्या आहेत ते दिसत नाही म्हणून फलाटावर किती लागल्यात ते बघून अंदाज बांधायचा, तसलं काम आहे हे. आणि फलाटावरची कुठली गाडी घाटात बंद पडणार ते त्या आकड्यावरून कळत नाही!

आणि चान्स घेणाऱ्या बाईला महिन्याला बीजं लागतात किती? एक. एएमएच ०.६ असो की ३, पाळी वेळेवर येत असेल तर सहसा महिन्याला एकच बीज बाहेर पडतं. राखीव साठा कमी असला म्हणून ते एक बीज खराबच असेल असं नाही.

हे नुसतं माझं लॉजिक नाही. २०१७ मध्ये जामा या मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा एक अभ्यास छापून आला, ३० ते ४४ वयाच्या ७५० बायका, आधी मूल राहण्यात अडचण आल्याचा इतिहास नाही, नुकताच चान्स घ्यायला लागलेल्या. वय वगैरे सगळं हिशोबात धरून, एएमएच ०.७ च्या खाली असलेल्यांमध्ये ६ पाळ्यांच्या आत दिवस राहण्याची शक्यता ६५ टक्के निघाली आणि नॉर्मल वाल्यांमध्ये ६२. १२ पाळ्यांपर्यंत धरलं तर ८४ आणि ७५. कमी वाल्यांचा आकडा वर दिसतोय म्हणून लगेच कमी असणं चांगलं असं समजू नका, तो फरक योगायोगात मोडतो, एवढंच की कमी असल्याने चान्स घटलेला दिसला नाही. एफएसएच (बीजं वाढवायला लावणारं मेंदूकडचं हॉर्मोन, साठा कमी झाला की ते वाढतं) वाढलेल्या बायकांचंही तेच. नंतर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगूनच टाकलं की जिला मूल राहण्यात अडचण नाही तिला एएमएच बघून तुझे चान्स इतके असं सांगू नका. आणि आपल्याकडे काय, लग्न ठरलेल्या पोरींना वेलनेस पॅकेजमध्ये थायरॉईड, व्हिटॅमिन डी सोबत एएमएच फुकट घातल्यासारखं देतात, मग रिपोर्टवर ठळक अक्षरात लो छापून आलं की दोन्ही घरांत रात्रभर झोप नाही. मला हे पॅकेज प्रकरण अजिबात पटत नाही, आमच्या लॅबलाही यातून धंदा मिळतो तरी सांगते.

हां, पण वर सांगितलेल्या अभ्यासातल्या बायकांना आधीपासून काही अडचण नव्हती हे विसरू नका. वर्षभर चान्स घेऊन काही होत नसेल, किंवा वय ३५ च्या पुढे असेल आणि ६ महिने झाले असतील, तर आकडा काहीही असो डॉक्टरांकडे जायचंच. चाळिशी आली असेल तर तेवढंही थांबायचं नाही.

खरी गोष्ट वयाची आहे आणि तीच कुणाला ऐकायची नसते. तिशीच्या सुरुवातीला दर महिन्याला साधारण २० टक्के चान्स असतो, चाळिशीत ५ टक्क्यांच्या खाली, कारण वयाबरोबर बीजातली गुणसूत्रं नीट वाटली जात नाहीत, गर्भ धरत नाही किंवा धरून पडतो. एएमएचला यातलं काही दिसत नाही. त्यामुळे ०.८ वाल्या २९ वर्षांच्या पोरीपेक्षा मला ४२ व्या वर्षी २.५ आलं म्हणून निर्धास्त होऊन आणखी दोन वर्षं थांबणाऱ्या बाईची जास्त काळजी वाटते.

मग टेस्ट बिनकामाची आहे का? नाही. आयव्हीएफ करायचं तर ती फार कामाची, कारण तिथे एक नाही, इंजेक्शनं देऊन एकदम आठ-दहा बीजं काढायची असतात. १ च्या आसपास किंवा खाली असेल तर बीजं कमी निघतील असं धरून प्लॅन करतात, सोनोग्राफीत छोटी फॉलिकल्स मोजून ताडून बघतात. ३.५ च्या वर असेल तर उलटीच भीती, बीजकोश सुजून पोटात पाणी साठण्याची, म्हणून डोस जपून देतात. पीसीओएस (बीजकोशात छोटी फॉलिकल्स भरपूर पण पाळी अनियमित, असा हॉर्मोनचा त्रास) वाल्या मुलींचं एएमएच ८-१० सुद्धा येतं आणि घरचे खूश होतात, अहो पण पाळी तीन-तीन महिने येत नाही तिचं काय, साठा भरपूर आणि बीज सुटतच नाही.

आता आमच्या खिडकीवरचे नेहमीचे प्रश्न. उपाशीपोटी यायची गरज नाही, पाळीच्या कुठल्याही दिवशी चालतं. एफएसएच मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच द्या आणि सोबत इस्ट्राडायोल (बीजकोशातून सुटणारं स्त्री-हॉर्मोन) करा, ते वाढलेलं असेल तर एफएसएच दबतं आणि खोटंच नॉर्मल दिसतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सांगा, त्याने एएमएच खाली येतं, गोळ्या थांबवल्या की काही महिन्यांत परत चढतं. दोन लॅबच्या मशीन वेगळ्या असतील तर आकडा थोडाफार हलणारच, १.१ चं ०.९ झालं म्हणून रडू नका. आणि युनिट बघा! लंडनच्या मावसबहिणीचं ५ आणि तुमचं ०.७ हे एकच असू शकतं, तिकडे पिकोमोलमध्ये मोजतात, आपल्या नॅनोग्रॅमच्या आकड्याला ७.१४ ने गुणायचं.

आपल्याकडच्या बायकांची पाळी पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधीच जाते, साधारण ४६-४७ ला. आयव्हीएफसाठी आलेल्या भारतीय आणि स्पॅनिश बायकांची तुलना करणारा एक अभ्यास २०१४ मध्ये आला होता, त्यात भारतीयांचे बीजकोश जवळजवळ ६ वर्षांनी म्हातारे दिसले. म्हणून तिशीच्या आत एएमएच अगदीच तळाला असेल, आईची पाळी चाळिशीच्या आसपास गेली असेल, चॉकलेट सिस्टचं (बीजकोशात जुनं रक्त साठून झालेली गाठ) ऑपरेशन झालं असेल किंवा केमो झाली असेल तर तो आकडा गंभीरपणे घ्या. आज मूल होणार नाही म्हणून नाही, तर दोन मुलं हवी असतील तर मधे हातात किती वर्षं आहेत ते ठरवायला, किंवा बीजं फ्रीझ करायची का ते बोलायला. आणि पोटाचा टीबी होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, तो बीजकोशांना धक्का देऊ शकतो, गर्भनळ्याही बंद करू शकतो आणि नळ्या बंद असतील तर एएमएच ४ असून उपयोग नाही.

आकडा वाढवायच्या पावडरी आणि कॅप्सूलवर पैसे घालवू नका, साठा परत भरत नाही. बीजकोशात स्वतःच्याच रक्ताचं पीआरपी (रक्तातून वेगळा काढलेला प्लेटलेट्सचा भाग) टोचतात ते अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे, बिल मात्र प्रयोगाचं नसतं.

शेवटचं, नवऱ्याबद्दल. बायकोच्या एएमएचवर दीड-दोन हजार घालवतात, दुसऱ्या लॅबमध्ये परत करून बघतात, आणि नवऱ्याची सिमेन टेस्ट काही शेकड्यात होते ती अजून झालेलीच नसते. विचारलं तर "त्यांचं सगळं नॉर्मल आहे." कुणी तपासलं? मूल न राहणाऱ्या जोडप्यांमध्ये जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडूनही काहीतरी कारण असतं. २ ते ७ दिवस संबंध न ठेवता यायचं, सँपल लॅबमध्येच द्यायचं, घरून आणणार असाल तर अंगाजवळ उबेत ठेवून तासाभराच्या आत पोचवायचं.