रफी की किशोर? तुम्ही विचारलंत म्हणून

नागपुरात कुणाच्याही घरी जा. "हे ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचे" अशी माझी ओळख करून दिली की चहा यायच्या आत प्रश्न येतो, "मग सांगा भाऊ, रफी की किशोर?" परवा धरमपेठेत दाताच्या डॉक्टरांनी विचारलं. माझ्या तोंडात कापूस होता, म्हणून वाचलो.

एरवी मी "दोघंही" म्हणतो आणि समोरच्याचा चेहरा पडतो, कारण त्याला माझं मत नको असतं, त्याचं मत माझ्या तोंडून हवं असतं. माझं खरं उत्तर केर्सी लॉर्ड असं आहे. पंगतीत ते सांगितलं तर लोक "कोण?" म्हणतात आणि भाताकडे वळतात. म्हणून इथे सविस्तर.

आमच्या ऑर्केस्ट्रात एक 'व्हॉइस ऑफ रफी' होता आणि एक 'व्हॉइस ऑफ किशोर'. पहिला दिवसा बँकेत कारकून, दुसरा सीताबर्डीवर कापडाच्या दुकानात. गणपतीत महाल, इतवारी, सक्करदरा असं रोज रात्री फिरायचो आणि रोज रात्री हे दोघं एकाच गोष्टीवरून भांडायचे, शेवटचं गाणं कोणाचं. किशोरवाल्याचा हुकमी मुद्दा असा, की खांडवा जुन्या मध्यप्रांतातलं आणि मध्यप्रांताची राजधानी नागपूर, म्हणजे किशोरकुमार आपलाच माणूस. यावर रफीवाला 'रागिनी' काढायचा. 1958 सालच्या त्या सिनेमात पडद्यावर किशोरकुमार आहे, पण 'मन मोरा बावरा'ला आवाज रफीचा. "तुझ्या माणसालाच माझा माणूस लागला," असं तो म्हणाला की पुढचे दोन कार्यक्रम दोघांत बोलणं बंद.

मी दोघांच्याही मागे, डाव्या अंगाला, स्पीकरच्या खोक्याला टेकून. तिथून गाणं वेगळं ऐकू येतं. गाणाऱ्याची पाठ दिसते, पाठीवरून कळतं की तो आता श्वास घेणार, आणि तेवढ्या फटीत आपल्याला शिरायचं असतं. लोकांना गाणं मुखड्यापासून अंतऱ्यापर्यंत आठवतं. मला अजूनही मधल्या पीसपासून, म्हणजे गाणारा थांबतो तिथल्या नुसत्या वाद्यांच्या तुकड्यापासून आठवतं, शब्द नंतर येतात.

आता 'आराधना' घ्या. 1969 चा सिनेमा, संगीत सचिनदेव बर्मन यांचं. रफी-किशोर हा वाद आमच्या पिढीत पेटला तो इथूनच. रफीचीही दोन गाणी त्यात आहेत, पण गल्लोगल्ली वाजली ती किशोरची, आणि 'रूप तेरा मस्ताना'साठी त्याला पहिलं फिल्मफेअर मिळालं. त्या गाण्यात किशोर ओळ सोडतो आणि मागून अकॉर्डियन उसासा टाकतं. तो उसासा काढून गाणं म्हणून बघा. नुसती चाल उरते, पावसातली ती खोली जाते. ते अकॉर्डियन केर्सी लॉर्ड यांचं. पारशी माणूस, वडील कावस आणि भाऊ बर्जोर दोघंही स्टुडिओतले नावाजलेले तालवादक. त्याच गाण्यातला सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. आणि हेच मनोहारीदा 1964 च्या 'कश्मीर की कली'त 'है दुनिया उसी की'मध्ये रफीच्या मागे आहेत. दारू चढलेल्या माणसाची अर्धी झिंग रफीच्या गळ्यात आहे, उरलेली त्या सॅक्सोफोनमध्ये. मनोहारीदांना कुणी विचारलं असेल का, रफी की किशोर म्हणून?

ही नावं मला तेव्हा माहीत नव्हती, हे कबूल करतो. तबकडीवर सिनेमा, गायक, संगीतकार एवढंच छापलेलं असायचं. गायकांचं नावसुद्धा सुखासुखी आलेलं नाही. 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला'च्या पहिल्या तबकडीवर लताबाईंचं नाव नव्हतं, पडद्यावरच्या पात्राचं, कामिनीचं होतं. जिथे लताची ही गत, तिथे अकॉर्डियनवाल्याला कोण विचारतो! आम्ही दहा वर्षं केर्सींचा पीस वाजवत होतो आणि त्याला "आराधनाचा पीस" म्हणत होतो. पुढे मुंबईत स्टुडिओची कामं करून परतलेल्या एका बुजुर्ग व्हायोलिनवाल्यानं एकेक नाव सांगितलं. मी ती सरगमच्या वहीतच लिहून घेतली, जिथे ज्याचा पीस तिथे त्याचं नाव.

ती वही म्हणजे आमची शाळा. विविध भारतीवर गाणं लागलं की पेन्सिल घेऊन बसायचं. एका वेळी पीसचा अर्धाच भाग हाती लागायचा, उरलेला पुढच्या फर्माइशीपर्यंत उधार. कॅसेट आल्यावर सुख झालं असं वाटलं, पण सेल उतरले की गाणं अर्ध्या सुरानं खाली यायचं. एक अख्खं गाणं मी असं उतरलेल्या सेलवर बसवलं आणि तालमीला सगळे एका पट्टीत, मी दुसऱ्या.

वहीतल्या काही नावांनी मात्र मजा आणली. नागपूरच्या वरातीत तोंडात रुमाल धरून लोटांगण घालणारा एक तरी जण असतोच. ज्या बीनवर तो डोलतो ती बीन नाहीच. 1954 च्या 'नागिन'मध्ये संगीतकार हेमंतकुमारांकडे ती कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनवर वाजवली, म्हणजे विजेवर चालणाऱ्या एका छोट्या पट्ट्यांच्या वाद्यावर, आणि सोबत रवी यांची हार्मोनियम. दोघंही पुढे मोठे संगीतकार झाले. 'है अपना दिल तो आवारा'तला माउथऑर्गन राहुलदेव बर्मनचा, वय तेव्हा एकोणीसच्या आसपास. 'चुरा लिया है'तली गिटार भूपिंदर सिंग यांची. त्यांना लोक गझल गाणारे म्हणूनच ओळखतात.

आणि अँथनी गोन्साल्विस. 1977 मध्ये आम्ही 'अमर अकबर अँथनी'तलं 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' इतक्यांदा वाजवलं की मोजदाद नाही. पुढच्या रांगेतली पोरं नाव ओरडायची, आणि आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं की या नावाचा माणूस खरोखर आहे. गोव्याच्या माजोर्ड्याचे, व्हायोलिन वाजवणारे, संगीतरचना बांधणारे, त्या सिनेमाच्या लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतल्या प्यारेलालजींचे गुरू. त्या सिनेमात रफी आहे, किशोर आहे, आणि एका गाण्यात तर मुकेश आणि लताही त्यांच्याबरोबर आहेत. पण नाव घेऊन गायलं गेलं ते एका वादकाचं. आमच्या दोघा 'व्हॉइस'ना हे मी सांगितलं तेव्हा दोघं पहिल्यांदा एकमताने म्हणाले, "काहीही सांगून राहिला बे."

हल्ली शहरात कराओकेचे ग्रुप पुष्कळ झालेत, निवृत्त मंडळी हौसेनं गातात, मला बोलावतातही. जातो, टाळ्या वाजवतो. फक्त ट्रॅकमधलं अकॉर्डियन ऐकवत नाही. तिथे कीबोर्डची पट्टी दाबली की सूर येतो, पण भाता वळत नाही. खऱ्या अकॉर्डियनला भाता आहे. तो उघडतो, मिटतो, आणि वळताना सूर किंचित धरतो. ते वळण गाणाऱ्याच्या श्वासाशी जुळलं तर गोडवा, चुकलं तर उचकी. ट्रॅकला उचकी लागत नाही, तीच माझी तक्रार.

माझ्या अकॉर्डियनला मात्र एकदा उचकीच्या पुढचं काहीतरी झालं. 1984 चा मे महिना, महालात एका गच्चीवर लग्नाचा कार्यक्रम. सामान दुपारभर मेटॅडोरच्या टपावर, उन्हात. अकॉर्डियनच्या पोटात धातूच्या रीड असतात आणि त्या मेणानं बसवलेल्या असतात. मेण आणि नागपूरचा मे, पुढचं सांगायला नको. रात्री किशोरवाल्यानं 'रूप तेरा' धरलं, ओळ सोडली, मी शिरलो आणि पीसमधला नेमका एक सूर गायब. पट्टी दाबतोय, नुसती हवा. आत रीड सुटून पडली होती. तबलजीनं मान वर केली, "काऊन बे, आवाज काऊन नाही येऊन राहिला?"

दुसऱ्या ओळीला तो सूर पुन्हा येणार होता. मी भाता ओढला, हवा आली, आणि त्याच क्षणी बाजूच्या माइकवरून कुणीतरी तो सूर गुणगुणला. नेमका तोच, तेवढ्याच लांबीचा. वळून पाहिलं तर आपल्या पाळीची वाट बघत उभा असलेला रफीवाला. किशोरच्या गाण्यात, माझ्या अकॉर्डियनचा सूर होऊन! गाणं संपेपर्यंत त्यानं तो सूर प्रत्येक वेळी भरला. किशोरवाल्यानं एकदाही मागे पाहिलं नाही, पण शेवटचं गाणं त्या रात्री तंटा न करता सोडून दिलं.

कार्यक्रम आटोपून मी अकॉर्डियन खोक्यात ठेवत होतो. उचललं की आत ती रीड खुळखुळायची. तेवढ्यात मुलीचे मामा ताटात वडाभात घेऊन आले. "झकास वाजवता हो तुम्ही," ते म्हणाले. "मी तर फक्त पीसच ऐकत होतो." मी जरा सुखावलो. ते जवळ सरकले, आवाज खाली आणला आणि विचारलं, "पण खरं सांगा, रफी की किशोर?"

"आधी पाणी द्या," मी म्हणालो.