फळ्यावरची तेवीस नावे

लालबाग आणि परळ यांच्या मधल्या ज्या चाळीत माझा जन्म झाला, तिच्या जिन्याखाली एक काळा फळा आहे. पाण्याच्या बदललेल्या वेळा, गणेशोत्सवाची वर्गणी, सत्यनारायणाच्या पूजेचे आमंत्रण आणि कोणी गेले तर ‘दुःखद निधन’ हे सारे त्याच फळ्यावर लिहिले जाते. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे लिहिण्याचे काम आपोआपच माझ्याकडे आले आणि निवृत्तीनंतरही राहिले. निधनाचा मजकूर ठरलेला असतो : नाव, वय, खोली क्रमांक, अंत्ययात्रेची वेळ. तेराव्यापर्यंत तो तसाच ठेवायचा आणि मग ओल्या फडक्याने पुसायचा, असा आमच्याकडचा रिवाज आहे.

मार्च २०२० ते डिसेंबर २०२२ या काळात मी असा मजकूर तेवीस वेळा लिहिला. त्यातले सगळेच करोनाने गेले असे नाही. काही वयाने गेले, काही जुन्या दम्याने, एक तरुण मुलगा अपघातात गेला. पण पहिल्या टाळेबंदीत अंत्यविधीला वीसपेक्षा जास्त माणसे चालत नव्हती, गावाकडून भाऊबंद येऊ शकत नव्हते, दहावे-तेरावे घरातल्या घरात उरकले गेले आणि शेजाऱ्याच्या दारात जाऊन चार घटका बसण्याची जी आमची पद्धत आहे, तीच बंद पडली होती. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी बोलायचे असते ते या बसण्यात. ते बोलणेच न झाल्यामुळे ही माणसे फळ्यावरून पुसली गेली ती कोणी काही न बोलताच, आणि ही गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती.

२०२३च्या सुरुवातीला इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी पुढे सरकली. ऐंशी बिऱ्हाडे भाड्याच्या घरांत पांगली की कोण कुठे आणि कोणाला कोण आठवणार, हा विचार करून मी कमिटीच्या बैठकीत या तेवीस जणांची स्मरणिका काढण्याचा विषय मांडला. विरोध कोणी केला नाही. काम मात्र माझ्यावर आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीवर आले, जी बँकेत नोकरी करून संध्याकाळी माझ्याबरोबर वही घेऊन फिरत असे.

सुरुवात मयत फंडाच्या वहीपासून केली. चाळीत कोणी गेले की बांबू, कापड, मडके यांचा खर्च या फंडातून होतो आणि प्रत्येक खोली दरमहा त्यात ठरावीक रक्कम भरते. वहीत तारीख, दिलेली रक्कम आणि रक्कम घेणाऱ्याची सही असते. मृताचे नाव असतेच असे नाही. तेवीसपैकी नऊ स्त्रिया होत्या आणि त्यातल्या पाच जणींची नोंद ‘खो. क्र. ४१ ची आई’ किंवा ‘अमक्याची मंडळी’ अशी केलेली होती. फळ्यावर त्यांची नावे मीच लिहिली होती, तरीही वहीतल्या त्या ओळी वाचताना मला फार अपराधी वाटले, कारण गेली कित्येक वर्षे ती वही तपासून खाली सही करणाऱ्यांत मीही होते.

पहिल्या प्रयत्नात आमची पद्धत चुकली. आम्ही एका पानाचा छापील नमुना तयार करून घरोघरी दिला : नाव, जन्मतारीख, गाव, शिक्षण, नोकरी, स्वभाव, आठवण. महिनाभरात अठरा नमुने भरून आले आणि ते एकापाठोपाठ एक वाचल्यावर आम्ही दोघी गप्प बसलो. मनमिळाऊ, कष्टाळू, प्रेमळ, परोपकारी, अडल्यानडल्याला धावून जाणारे. अठराही जणांच्या बाबतीत हेच शब्द होते आणि ते खोटे होते असेही नाही; परंतु एकाचा कागद दुसऱ्याच्या फोटोखाली लावला असता तर घरच्यांखेरीज कोणाच्या लक्षात आले नसते. घरच्यांचा यात काही दोष नाही. आपण ‘स्वभाव’ असा रकाना आखून दिला की माणसे त्यात गुणच भरणार.

मग नमुने बाजूला ठेवून आम्ही प्रत्येक घरी जाऊन बसू लागलो आणि प्रश्न बदलले. ते सकाळी किती वाजता उठत? पहिली पाळी की रातपाळी? गिरणीच्या कोणत्या खात्यात होते? डब्यात काय नेत? घरी आल्यावर प्रथम काय करत? कशावरून चिडत? बाजार कोण करी? या प्रश्नांना उत्तरे देताना माणसे आधी अडखळत, मग एकमेकांना दुरुस्त करू लागत, आणि त्या दुरुस्त्यांमधूनच माणूस हळूहळू दिसू लागे. रिंगखात्यातल्या, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यातल्या, एका आजोबांच्या बाबतीत ‘कष्टाळू’ या शब्दाच्या जागी शेवटी हे वाक्य आले : रातपाळी संपवून आल्यावर ते केसांतला कापूस झटकल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत आणि पायपुसण्यावर पडलेला तो कापूस स्वतःच्या हाताने गोळा करून खाली टाकायला जात, कारण धाकट्या मुलीला धुळीचा खोकला होता. हे त्यांच्या पत्नीला ठाऊक होते, पण सांगण्यासारखे आहे असे तिला वाटले नव्हते.

एका घरी साधारण तीन खेपा लागत. पहिल्या खेपेला चहा होई आणि रडणे होई, दुसऱ्या खेपेला माहिती मिळे, आणि तिसऱ्या खेपेला आम्ही लिहिलेले वाचून दाखवत असू. ही तिसरी खेप सर्वांत महत्त्वाची ठरली. घरच्यांनी ऐकून ‘हो’ म्हटल्याशिवाय एकही ओळ छापायची नाही, हा नियम आम्ही पहिल्या घरापासून शेवटपर्यंत पाळला.

जन्मतारखांनी मात्र पुष्कळ वेळ खाल्ला. तेवीसपैकी आठ जणांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून होती. ज्या मुलांच्या जन्माची नोंद नव्हती, त्यांना शाळेत घालताना गुरुजी हीच तारीख घालत, हे महाराष्ट्रात कोणालाही ठाऊक आहे. म्हणून ती तारीख छापण्यात काही अर्थ नव्हता. मग आम्ही माणसाचे वय घटनांवरून लावू लागलो. गोदीच्या स्फोटाच्या वेळी, म्हणजे १४ एप्रिल १९४४ रोजी, एक आजी आईच्या कडेवर होत्या, असे त्यांच्या मोठ्या बहिणीने सांगितले. पाटण तालुक्यातल्या एका आबांचे लग्न कोयनेच्या भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात, पडक्या घराच्या अंगणात झाले होते. भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, तेव्हा लग्न १९६८चे. जिथे असे काही सापडले नाही, तिथे आम्ही नुसते वर्ष दिले आणि त्यापुढे ‘सुमारे’ लिहिले.

नोकरीची माहिती मात्र अनपेक्षितपणे चोख मिळाली. गिरणी कामगारांसाठीच्या घरांच्या सोडतीत नाव यावे म्हणून जवळजवळ प्रत्येक घराने तिकीट क्रमांक असलेली हजेरीपत्रके, ईएसआयचे (कामगार विमा योजनेचे) कार्ड, भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवल्या होत्या. घर मिळाले ते फार थोड्यांना. त्या पिशव्या सोडताना अनेक घरांत जी शांतता पसरे, तिच्याविषयी मी स्मरणिकेत काही लिहिले नाही, पण इथे नोंदवून ठेवते.

स्त्रियांची पाने भरणे सर्वांत कठीण गेले आणि आज तीच पाने मला सर्वांत मोलाची वाटतात. नऊपैकी चौघींचे नाव लग्नात बदललेले होते आणि माहेरचे नाव मुलांनाही ठाऊक नव्हते. एकीच्या भावाचा दूरध्वनी क्रमांक गावच्या मंडळाकडून मिळवला. ऐंशी ओलांडलेल्या त्या गृहस्थांनी नाव दोनदा सांगितले, आणि लिहिलेले परत वाचायला लावून मगच फोन ठेवला. तळमजल्यावरच्या मावशींनी तीस वर्षे खानावळ चालवली. गावाकडे कुटुंब ठेवून आलेले, एकाच गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे कामगार त्यांच्याकडे दोन वेळ जेवत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि खानावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली, तेव्हा त्या कर्जावर मोठी परात आणि दोन स्टोव्ह घेणाऱ्यांत या मावशी होत्या. त्यांच्या मुलाने नमुन्यात ‘गृहिणी’ लिहिले होते. तिसऱ्या खेपेला त्याने स्वतःच तो शब्द खोडायला सांगितला.

नावाच्या आधी काय लिहायचे, यावर दोन बैठका झाल्या. माझ्या मसुद्यात सरसकट ‘कै.’ होते. पहिल्या मजल्यावरच्या बौद्ध कुटुंबाने शांतपणे लक्षात आणून दिले की कैलासवासी होणे ही त्यांची श्रद्धा नाही आणि त्यांच्याकडे ‘कालकथित’ म्हणतात. ही चूक माझीच होती. ज्या शेजाऱ्यांच्या पुण्यानुमोदनाला मी इतक्यांदा जाऊन बसले, त्यांच्या नावाआधी मी विचार न करता आपला शब्द लावला होता. ज्या घरात जो शब्द रूढ आहे तोच छापायचा, असे ठरले. प्रकाशनाची तारीखही त्यामुळे बदलली. सर्वपित्री अमावास्या आम्हाला अगदी योग्य वाटली होती. पण पितृपक्षातला कार्यक्रम सगळ्यांचा होत नाही, म्हणून १ मे हा दिवस धरला. तो कामगारांचाही दिवस आहे आणि त्या दिवशी चाळीतला प्रत्येक जण घरी असतो.

सर्वांत जास्त दिवस ज्या पानाने घेतले, ते तिसऱ्या मजल्यावरच्या, साच्यावर म्हणजे मागावर काम करणाऱ्या एका विणकराचे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडीलही त्यांत होते; त्या वर्षी आम्ही भावंडांनी भाकरी मोजून खाल्ली. हे विणकर सात-आठ महिने थांबले आणि मग घरात आजारी मूल आणि गरोदर बायको असताना एका पहाटे कामावर गेले. बाहेर मार बसेल म्हणून काही आठवडे ते गिरणीतच झोपले. चाळीत त्यांच्याशी बोलणे बंद झाले. संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही, आणि आमच्या मजल्यावरचा तो अबोलाही तसाच राहिला.

कमिटीतल्या काहींचे म्हणणे होते की हे वर्ष गाळून पुढचे लिहावे. गेलेल्या माणसाचे उणे कशाला काढायचे? मुलालाही तसेच वाटत होते. मला स्वतःला दोन्ही बाजूंनी त्रास होत होता. खरे सांगायचे तर लहानपणी मीही त्या घरच्या मुलीशी खेळणे सोडले होते. वगळले तर त्या माणसाच्या आयुष्याचा अर्थच लागत नाही, आणि लिहिले तर तो मेल्यावरही आपण त्याला उभे करून जाब विचारतो आहोत असे होते. अखेर त्यांच्या पत्नीने निर्णय दिला. “लिहा बाई,” त्या म्हणाल्या. “हे झाकायचं म्हणून ते चाळीस वर्षं गॅलरीत बसले नाहीत.” मग आम्ही कारण आणि काळ एवढेच लिहिले, ‘संपफोड्या’ हा शब्द वापरला नाही, आणि त्यांचे समर्थनही केले नाही.

छपाईविषयी थोडक्यात सांगते. प्रत्येकाला दोन पाने धरून आणि दोन पाने निवेदनाची मिळून अठ्ठेचाळीस पाने झाली, म्हणजे सोळा पानी तीन फर्मे बरोबर बसले. मयत फंडाला हात लावायचा नाही असे ठरल्यामुळे वेगळी वर्गणी काढली. छायाचित्रांसाठी आधारकार्डावरचे फोटो टाळून लग्नाच्या किंवा गणपतीच्या समूहचित्रांतून चेहरे घेतले. भजनी बुवांचा फोटो पखवाजाच्या मागून घेतलेला आहे. चेहरा अर्धाच दिसतो, पण घरच्यांना तोच हवा होता. क्रम वयाने किंवा मानाने न लावता खोली क्रमांकाने लावला, तळमजल्यापासून वर, जसा आम्ही वर्गणीला फिरतो तसा.

१ मे २०२४ रोजी संध्याकाळी चौकात सतरंज्या टाकल्या आणि प्रत्येक घरातल्या कोणीतरी आपल्या माणसाचे पान वाचले. भाषणे ठेवली नव्हती. कार्यक्रम संपल्यावर तिसऱ्या मजल्यावरचे एक काका, जे त्या विणकराच्या शेजारच्याच खोलीत राहतात आणि एके काळी त्यांच्याच खात्यात होते, माझ्याकडे आले. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नाही. त्यांनी ते एकच पान पुन्हा वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले. ते जिन्याचा कठडा धरून ऐकत होते.

“साचे किती होते ते लिहिलं नाहीस,” ते म्हणाले. “चार साचे बघायचा तो. धागा तुटला की आवाजावरून कळायचं त्याला, कुठल्या साच्यावरचा ते. आमच्या लायनीत दुसऱ्या कुणाला नाही जमायचं.”

चाळीच्या कपाटात मयत फंडाच्या वहीशेजारी जी प्रत ठेवली आहे, तिच्या सदतिसाव्या पानाच्या समासात हे वाक्य मी त्याच रात्री पेनाने लिहिले, आणि सकाळी शेजारच्या खोलीत जाऊन त्या विणकराच्या पत्नीला वाचून दाखवले.